गोठ्यात वस्तीला असलेली देवी
लाटव्हियाचे शेतकरी, त्यांचे आठ सण आणि माय मारा

गाईला ‘गोव्स’, आईला ‘माते’, देवाला ‘दिएव्स’, दिवसाला ‘दिएना’ आणि विस्तवाला ‘उगुन्स’ म्हणणारे लोक कोठे राहत असतील, सांगा पाहू? दोनला ‘दिवी’, तिनाला ‘त्रीस’, चाराला ‘चेत्री’ आणि दहाला ‘देस्मित’ असे ते मोजतात. ‘असतील आपल्याच मुलखात कोठेतरी,’ असे तुम्ही म्हणाल. पण नाही. हे लोक राहतात पार युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी. त्यांच्या देशाचे नाव लाटव्हिया.

देश लहानसाच. क्षेत्रफळ सुमारे ६४,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. वस्ती १९ लाखांच्या आतबाहेर. राजधानीचे शहर रिगा. निम्मा देश जंगलाखाली, आणि उरलेल्या जमिनीत राय, सातू, ओट, जवस, बटाटे अशी पिके. गाई पाळाव्यात, दुधाचे लोणी-पनीर करावे, हा तिथला जुना जोडधंदा. या लोकांची भाषा आणि आपली संस्कृत एकाच मोठ्या कुळातल्या आहेत, असे भाषांचे अभ्यासक सांगतात. मराठीचे मूळ संस्कृतात, तेव्हा नाते दूरचे का होईना, पण खरे आहे. फार पूर्वी दुरावलेल्या भावकीतली ही माणसे, असे म्हणा ना!

आज तुम्हांला सांगायचे आहे ते त्यांच्या सणांविषयी, आणि त्या सणांच्या आड उभ्या असलेल्या एका देवीविषयी. या देवीला सोन्याचा मुकुट नाही, मोठे देऊळ नाही. ती राहते गोठ्यात, गाईच्या शेजारी. तिचे नाव मारा.

सूर्य जिथे आई आहे

लाटव्हियाचे सण समजून घ्यायचे तर आधी तिथला दिवस आणि तिथली रात्र समजली पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यातला दिवस आणि हिवाळ्यातला दिवस यांत दोन-अडीच तासांचा फरक पडतो. रिगामध्ये जूनच्या शेवटच्या आठवड्यात दिवस जवळजवळ अठरा तासांचा असतो, तर डिसेंबरात तोच पावणेसात तासांवर येतो. बाहेर बर्फ, जमीन दगडासारखी गोठलेली, गुरे चार-सहा महिने गोठ्यात बांधलेली, आणि दुपारी चार वाजायच्या आत अंधार. अशा मुलखात सूर्याची वाट कोण पाहणार नाही?

आपण सूर्याला नारायण म्हणतो, देव म्हणतो. लाटव्हियात मात्र सूर्य बाई आहे. तिचे नाव साउले. चंद्र हा पुरुष. साउले ही अनाथांची, गुराख्याच्या पोरांची, दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या मोलकरणीची आई, असे तिथल्या लोकगीतांतून येते. रथात बसून ती आभाळाच्या टेकडीवरून जाते आणि तिचे घोडे कधी थकत नाहीत. गरीब माणसाला ज्या वेळी कोणी वाली नसतो, त्या वेळी संध्याकाळची ही मावळती आईच त्याची विचारपूस करते.

या साउलेच्या वाटेवर वर्षाचे आठ सण उभे आहेत. दोन अयनांचे, दोन समदिनांचे आणि त्यांच्या मधल्या जागांवर चार. शेतीचा हंगाम या आठ खुंट्यांना बांधलेला.

डिसेंबरात सर्वांत लहान दिवस आला की ‘झिएमास्वेत्की’. या रात्री लाकडाचा एक मोठा ओंडका गावातून घरोघर ओढत नेतात आणि शेवटी जाळतात. गेल्या वर्षाची पीडा त्याबरोबर जळाली, असे समजायचे. ताटात वाटाणे असतात, आणि ते शेवटच्या दाण्यापर्यंत संपवायचे, कारण उरलेल्या दाण्याइतके अश्रू पुढल्या वर्षी गाळावे लागतात! अस्वल, बोकड, बगळा अशी सोंगे घेऊन मंडळी घरोघर जातात आणि यजमानाला बरकत चिंतितात.

फेब्रुवारीत ‘मेतेनी’. या दिवशी लहानथोर सारे टेकडीवरून बर्फातल्या घसरगाडीवर बसून खाली येतात. जितके लांब घसराल तितका त्या वर्षी जवस उंच वाढेल! हा जवस तेलासाठी कमी आणि धाग्यासाठी जास्त लावीत. घरातली चादर, सदरा, टॉवेल सारे त्याच्याच सुताचे. तेव्हा ताट उंच वाढणे म्हणजे घरादाराला कपडा मिळणे.

मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी झाली की ‘लिएलदिएनास’, म्हणजे मोठे दिवस. पहाटे उठून, ज्या ओढ्याचे पाणी उगवतीकडे धावते त्यात तोंड धुवायचे. कांद्याच्या सालीत अंडी उकडून रंगवायची. आणि मोठा झोपाळा बांधून उंच झोके घ्यायचे. झोका घेतला की उन्हाळ्यात डास चावत नाहीत, अशी समजूत. डासांनी काय ठरवले ते डासांनाच ठाऊक, पण चार महिने घरात कोंडलेल्या पोरीबाळींना मोकळी हवा मिळते, हे काय थोडे झाले?

एप्रिलच्या अखेरीस ‘ऊसिन्श’ या घोड्यांच्या देवाचा सण. घोडी पहिल्यांदा रात्रीच्या चराईला निघतात. हे नाव आपल्या वेदांतल्या उषेच्या नावाशी जुळते, असे काही विद्वान सांगतात. याच सुमारास २३ एप्रिलला ‘युर्गी’ येई. त्या दिवशी सालगड्यांचे साल संपे आणि जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडे बिऱ्हाडे हलत. अंगावरचे कपडे, एखादी पेटी, असेल तर एक गाय. सण कोणासाठी आनंदाचा आणि कोणासाठी डोळ्यांत पाणी आणणारा असतो, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

मारा कोण?

आता माराकडे वळू. लाटव्हियाच्या जुन्या श्रद्धेत ‘माता’ फार. समुद्राची माता, शेताची माता, रानाची माता, वाटेची माता, परसबागेची माता. सतराव्या शतकात पाउल आइनहोर्न नावाच्या एका पाद्र्याने तक्रारीच्या सुरात लिहून ठेवले आहे, की हे शेतकरी चर्चमध्ये येतात खरे, पण घरी गेले की या मातांनाच हाका मारतात. त्याने तक्रार केली म्हणून आज आपल्याला त्यांची नावे कळतात, हीही एक गंमतच!

या साऱ्यांत दोघी मोठ्या. एक लाइमा, नशिबाची देवी. बाळंतपण पूर्वी न्हाणीघरात होई. परसात किंवा तळ्याकाठी लाकडाचे वेगळे न्हाणीघर असे, तिथे ऊब आणि गरम पाणी दोन्ही मिळे. अडलेल्या बाईजवळ लाइमा येऊन बसते आणि बाळाचे नशीब ठरवते, अशी श्रद्धा. दुसरी आपली मारा. तिच्याकडे जमीन, पाणी, दूध आणि दुभती जनावरे. गाय व्यायली, दूध वाढले, वासरू जगले, की ते माराचे देणे.

मारा हे नाव कोठून आले, यावर तिथे वाद आहे. इ. स. १२०१ मध्ये बिशप आल्बर्ट याने रिगा शहर वसवले आणि तलवारीच्या जोरावर या मुलखात ख्रिस्ती धर्म आला. १२१५ मध्ये हा सारा प्रदेश येशूची आई मरिया हिला अर्पण झाला. बहुतेक अभ्यासकांचे म्हणणे असे, की मारा हे मरियेचेच लाटव्हियन रूप. गावच्या बायकांनी नाव नवे घेतले, पण गाईगुरांची आणि दुधाची कामे आपल्या जुन्या मातेचीच तिच्याकडे सोपवली. दुसरा पक्ष म्हणतो, की मारा मुळातच प्राचीन भूमाता आहे, मरिया नंतर आली. १९२५ च्या सुमारास एर्नेस्त्स ब्रास्तिन्श या चित्रकाराने आणि जुन्या गढ्यांच्या अभ्यासकाने ‘दिएव्तुरीबा’ नावाचा पंथ काढला आणि देव, मारा व लाइमा यांची जुनी उपासना पुन्हा सुरू केली. सोव्हिएत राजवटीने १९४० मध्ये त्याला पकडले आणि १९४२ मध्ये गोळी घातली. देवीचे नाव घेणे इतके महाग पडू शकते!

वाद विद्वानांकडे सोपवू. धार काढणाऱ्या बाईने हा वाद कधी घातला नाही. तिला ठाऊक होते ते एवढेच, की गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत माराचे राज्य आहे. आजही लाटव्हियाला प्रेमाने ‘माराची भूमी’ म्हणतात.

नव्या सुनेचे हातमोजे

माराचा मान कसा करीत, ते आमच्या वाचक भगिनींना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. लाटव्हियात मुलगी लहानपणापासून लोकरीचे हातमोजे विणायला बसे. लग्न ठरेपर्यंत तिची पेटी हातमोज्यांनी, पायमोज्यांनी आणि विणलेल्या पट्ट्यांनी भरलेली असे. प्रत्येक जोडीवर निराळी नक्षी. सासरी आल्यावर नवी सून घरभर आणि आवारभर फिरे. चुलीपाशी एक जोडी, विहिरीपाशी एक, आणि गोठ्यात एक. गोठ्यातली भेट माराला. ‘मी या घरची झाले, आता माझ्या हाताला यश दे,’ एवढाच त्याचा अर्थ. मग सासूने किंवा नणंदेने ते मोजे उचलून घ्यायचे. म्हणजे देवीचा मान झाला आणि सासरच्यांची थंडीही भागली.

गोठ्यात निघालेला बिनविषारी साप मारायचा नाही, तो माराचा, अशी समजूत होती. त्याच्यासाठी वाटीत दूधही ठेवीत. साप दूध पीत नाही हे आज आपल्याला ठाऊक आहे, पण उंदीर खाणारा साप जगला तर कणगीतले धान्य वाचते, हेही तितकेच खरे. पावाच्या कणकेवर, लाकडी भांड्यांवर एक विशिष्ट फुलीची खूण काढीत. तिला ‘माराची फुली’ म्हणतात. भाकरीत बरकत राहावी, दूध नासू नये, हा त्यातला भाव.

माराचे म्हणून दिवसही ठरलेले. २५ मार्च हा कोबीच्या माराचा दिवस, कोबीचे बी टाकण्याचा. १५ ऑगस्ट ही मोठी मारा. रायची कापणी उरकत आलेली, नव्या पिठाची भाकरी, आणि पुढच्या रायच्या पेरणीची तयारी. ८ सप्टेंबरला धाकटी मारा. हे दिवस चर्चच्या दिनदर्शिकेत मरियेचे आहेत. १५ ऑगस्टला देशाच्या पूर्व भागातल्या आग्लोना या गावी मोठी यात्रा भरते आणि कॅथलिक भाविक कित्येक दिवस पायी चालत तिथे येतात. एकाच दिवशी कोणी मरियेपुढे मेणबत्ती लावतो, तर कोणी नव्या भाकरीचा पहिला तुकडा माराच्या नावाने बाजूला काढतो. कष्टकऱ्याला दोन्ही आया परक्या नाहीत.

याणीची जागती रात्र

सर्व सणांत मोठा सण ‘याणी’. २३ जूनच्या संध्याकाळी सुरू होतो आणि २४ ला सूर्य उगवेपर्यंत चालतो. पेरणी, नांगरट, निंदणी या दिवसाआधी उरकायची, आणि गवताची कापणी यानंतर सुरू करायची, असा हंगामाचा हिशोब. ज्याच्या शेतात तण राहिले त्याची त्या रात्री धडगत नाही! गाणी म्हणत फिरणारी मंडळी त्याच्या फाटकापुढे उभी राहून, सगळ्यांदेखत, त्याच्या आळसाचे गाणे जोडतात. त्यानेही रागवायचे नाही, उलट गाण्यानेच उत्तर द्यायचे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘लीगो’ हा एकच शब्द घोळवतात. गावात शिस्त राखायची ही पद्धत दंडापेक्षा बरी की नाही?

सकाळपासून बायका-मुली रानातून औषधी वनस्पती आणि फुले आणतात. बायकांच्या डोक्यावर फुलांचे, तर पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट. गाईंनाही हार घालतात. गोठ्याच्या दारावर काटेरी झुडपे आणि रोवन झाडाच्या डहाळ्या खोचतात, म्हणजे चेटकीण येऊन दूध पळवणार नाही. मग टेकडीवर उंच खांब उभारून त्याच्या टोकाला डांबराचे पिंप पेटवतात. हा उजेड जेवढ्या शेतांवर पडेल तेवढी शेते वर्षभर पिकतील, अशी श्रद्धा. म्हणून जाळ जमिनीवर न ठेवता उंच न्यायचा.

त्या रात्री घरमालकाला ‘याणीचा बाप’ आणि मालकिणीला ‘याणीची आई’ म्हणतात. बापाने सातूची घरगुती बीअर द्यायची आणि आईने पनीर. पाहुण्यांनी गवतफुलांच्या जुड्या आणायच्या. झोपायचे मात्र नाही. जो याणीच्या रात्री झोपला तो सारा उन्हाळा पेंगणार! पहाटे दवाने तोंड धुवायचे आणि साउले उगवताना पाहायची. त्या पहाटे ती आनंदाने नाचत वर येते, असे म्हणतात.

याणीचे पनीर

हे पनीर तुम्हांला घरीही करून पाहता येईल, म्हणून त्याची रीत देत आहोत. पाच लिटर ताजे दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवा. उकळी फुटायच्या थोडे आधी त्यात एक किलो घट्ट चक्का फोडून घाला आणि हलक्या हाताने ढवळा. दूध फाटून हिरवट पाणी वेगळे झाले की फडक्यातून गाळा. पातेल्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम लोणी वितळवून त्यात हा गाळलेला चोथा, फेटलेली तीन अंडी, चवीपुरते मीठ आणि दोन चमचे शहाजिरे घाला. मंद आचेवर सारखे ढवळत राहा. गोळा चकाकू लागून पातेल्याच्या कडा सोडू लागला की ओल्या फडक्यात बांधा, वर वजन ठेवा आणि थंड जागी रात्रभर राहू द्या. सकाळी पिवळे, वाटोळे, सूर्याच्या बिंबासारखे पनीर तयार. फडक्याच्या गाठीभोवती ज्या चुण्या पडतात त्या सूर्याच्या किरणांसारख्या दिसतात, म्हणून गाठ मध्यभागीच बांधायची. या पनीराची पारंपरिक पदार्थ म्हणून युरोपीय संघात नोंदही झाली आहे.

शेवटच्या पेंढीतला युमिस

कापणी संपत आली की ‘युमिस’ पकडायचा. एकाच ताटाला दोन कणसे आली, एकाच देठाला दोन फळे लागली, तर तो युमिस, शेताचा आत्मा. जुळा या अर्थाच्या आपल्या ‘यम’ या जुन्या शब्दाशी हे नाव जोडतात. शेवटच्या वाफ्यात युमिस दडून बसतो. तिथली मूठभर ताटे न कापता त्यांची गाठ बांधायची किंवा मुकुट विणायचा आणि गाणी म्हणत घरी आणायचा. त्यातले दाणे पुढल्या वर्षाच्या बियाण्यात मिसळायचे. म्हणजे शेताचा जीव शेतातच परत जातो. चांगल्या कणसाचे बियाणे राखून ठेवण्याची हीच रीत, नाही का? तिला धर्माची जोड मिळाली, म्हणून भुकेच्या वर्षीही ते बी कोणी दळून खाल्ले नाही. २९ सप्टेंबरच्या ‘मिकेली’ सणाला सुगीचा बाजार भरतो.

त्यानंतर पितरांचा काळ. दिवस झपाट्याने लहान होतात, धुके उतरते. धान्य वाळवायच्या कोठारात किंवा न्हाणीघरात पान वाढून ठेवायचे, गेलेल्यांची नावे घेऊन बोलवायचे आणि जेवण झाल्यावर त्यांना निरोप द्यायचा. या दिवसांत मळणी करायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही. हे वाचताना तुम्हांला आपला पितृपंधरवडा आठवल्यावाचून राहणार नाही. पुढे १० नोव्हेंबरला ‘मार्तिनी’ आला की चराईचा हंगाम संपतो. गुरे गोठ्यात येतात आणि हिवाळाभर माराच्या हवाली होतात.

कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहिलेला देश

हे सारे आज आपल्याला कळते ते कशामुळे? ग्रंथांमुळे नव्हे. लाटव्हियाचा शेतकरी शेकडो वर्षे जर्मन जहागीरदारांच्या जमिनीवर वेठीने राबत होता. मालक त्याला जमिनीसकट, कधी जमिनीशिवायही विकू शकत असे. ही गुलामी कूरलांड भागात १८१७ मध्ये, विद्झेमे भागात १८१९ मध्ये आणि पूर्वेच्या लाटगाले भागात १८६१ मध्ये उठली. सुरुवातीला माणूस सुटला, पण जमीन मालकाकडेच राहिली. अशा माणसाजवळ स्वतःचे म्हणून होते काय? चार ओळींची गाणी. त्यांना ‘दाइना’ म्हणतात. दळताना, विणताना, गुरे राखताना, पोराला निजवताना बायका ती म्हणत. आईकडून लेकीकडे, आजीकडून नातीकडे ती जात. माराचा मान कसा करायचा, युमिस कसा पकडायचा, राय कधी पेरायची, हे सारे त्या चार-चार ओळींत साठवलेले.

क्रिश्यानिस बारोन्स (१८३५ ते १९२३) या शिक्षकाने ही गाणी गोळा करण्यात आयुष्य घालवले. खेड्यापाड्यांतून लोक त्याला गाणी लिहून पाठवीत. तो एकेक गाणे बोटभर लांबीच्या चिठोऱ्यावर उतरवून घेई. १८८० मध्ये त्याने लहान-लहान खणांचे एक लाकडी कपाट करून घेतले आणि चिठोऱ्या त्यात विषयवार लावल्या. १८९४ ते १९१५ या काळात त्याने सहा खंड छापले. त्यांत गाणी आहेत २,१७,९९६! ते कपाट आज रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि २००१ मध्ये युनेस्कोने जगाच्या ठेव्यात त्याची नोंद केली. आपल्या देशात राजेरजवाडे नव्हते, किल्ले परक्यांचे होते, तर आपली खरी दौलत कोणती, हे त्या कपाटाने लाटव्हियाच्या लोकांना दाखवले.

माराच्या दिवशी आलेल्या मालगाड्या

१९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९२० च्या जमीन सुधारणेत जहागिरी फोडून भूमिहीनांना शेते मिळाली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या गोठ्यात धार काढणाऱ्या बाईला स्वतःचा गोठा मिळाला. ते सुख वीस वर्षे टिकले. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, मग जर्मन, आणि मग पुन्हा सोव्हिएत.

शेतकरी सामुदायिक शेतीत जायला तयार होईनात. तेव्हा १९४९ साली २५ मार्चला, म्हणजे कोबीच्या माराच्या दिवशीच, घराघरांपुढे शिपाई येऊन उभे राहिले. काही दिवसांत लाटव्हियातून ४२,००० हून अधिक माणसे मालगाड्यांत भरून सायबेरियाला नेली. त्यांत बायका, मुले आणि म्हातारेच फार. ज्यांच्या चार गाई होत्या, थोडी अधिक जमीन होती, तेच गुन्हेगार ठरले. दारात गाई हंबरत राहिल्या आणि धार काढणारे हात निघून गेले. हे पाहिल्यावर मागे राहिलेल्यांनी मुकाट्याने आपली जमीन आणि जनावरे सामुदायिक शेतीच्या नावाने लिहून दिली. घराजवळ लहानसा तुकडा आणि एखादी गाय तेवढी ठेवता येई. म्हणजे साऱ्या देशात माराला राहायला जागा उरली ती त्या एका गाईच्या गोठ्यात.

१९५९ नंतर याणीच्या सणावरही वक्रदृष्टी झाली. सुटी गेली, जाहीर उत्सव बंद पडले. पण जून महिन्यात रात्र लहानच राहिली आणि सूर्य पहाटे उगवतच राहिला. लोकांनी घराच्या मागे, जंगलाच्या कडेला लहान जाळ पेटवले, पनीर केले, आणि हलक्या आवाजात ‘लीगो’ म्हटले. सायबेरियाच्या बर्फातही निर्वासित बायका मिळेल त्या दुधाचे पनीर करीत आणि पोरांना दाइना शिकवीत. त्यांतली कित्येक पोरे ती गाणी घेऊनच परत आली.

आणि एक दिवस याच गाण्यांनी इतिहास घडवला. लाटव्हियात १८७३ पासून मोठा गीतमहोत्सव भरतो, साधारण दर पाच वर्षांनी. हजारो गळे एका वेळी गातात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाल्टिक देशांतल्या लोकांनी शस्त्र न उचलता गाणी म्हणतच स्वातंत्र्य मागितले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांत सुमारे वीस लाख माणसांनी हातात हात धरून सहाशे किलोमीटरांहून लांब साखळी केली. १९९१ मध्ये लाटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला.

आज काय आहे?

आता २३ आणि २४ जून या दोन्ही दिवशी देशभर सुटी असते. शहरे ओस पडतात आणि जो तो गावाकडे धावतो. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८९ मध्ये २६ लाखांवर असलेली वस्ती आता १९ लाखांच्या खाली आली आहे. २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि तरुण मंडळी कामासाठी दूरदेशी गेली. लहान गोठे बंद पडत आहेत. याणीचे पनीर दुकानात मिळते, पण गाय कोणाच्या दारात आहे? शहरातून आलेली मुले टेकडीवर जाळ पेटवतात, पण तो उजेड पडायला पेरलेले शेत हवे ना! गोठा गेला तर माराने राहावे कोठे, हा प्रश्न तिथल्या म्हाताऱ्या बायकांपुढे आज उभा आहे.

तरी सारे संपलेले नाही. कूरलांडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी पाळलेली एक निळसर रंगाची गाय आहे, काटक आणि थोड्या चाऱ्यावर राहणारी. ही जात नामशेष व्हायला टेकली होती. काही शेतकऱ्यांनी तिचे जतन हाती घेतले आणि आज तिचे लहान कळप पुन्हा चरताना दिसतात. माराचा मान करायची याहून चांगली रीत कोणती?

वाचकहो, या सगळ्यातून आपण घ्यायचे ते एवढेच. सण म्हणजे नुसती सुटी नव्हे. बी कधी राखायचे, तण कधी काढायचे, जनावर कधी बाहेर सोडायचे, गेलेल्यांना कधी आठवायचे, हे ज्ञान आपल्या वाडवडिलांनी सणांच्या गाठोड्यात बांधून ठेवले. ते गाठोडे उलगडून दाखवणारी माणसे घराघरांत असतात, आणि बहुधा ती बायामाणसेच असतात. लाटव्हियात एका शिक्षकाने वेळीच चिठोऱ्या लिहिल्या, म्हणून एक देश वाचला. तुमच्या घरीही आजी असेल, चुलती असेल. जात्यावरच्या, पेरणीच्या, गाईच्या चार ओळी तिला अजून येत असतील. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना तिच्यापाशी बसवा, आणि वहीच्या मागल्या पानावर का होईना, पण त्या ओळी उतरवून घ्या. कपाट मागाहून करता येईल.